सॉफ्टवेअर इन्स्टॉल होतं, पण उघडतच नाही? जुना प्रोसेसर आणि ‘बिल्ड’ यांचा नेमका संबंध काय?

समजा, पुण्यातल्या एखाद्या ऑफिसने काढून टाकलेला कोर टू ड्युओ डेस्कटॉप बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीत एका विद्यार्थ्याकडे आला. त्याने रॅम वाढवली, एसएसडी बसवली, लिनक्स टाकलं. सगळं मस्त चाललं. मग एक नवं सॉफ्टवेअर डाऊनलोड केलं, तर ते उघडेचना. टर्मिनलमधून चालवलं तेव्हा दोनच शब्द आले : ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’.

‘इल्लीगल’ वाचून आधी भीती वाटते. पण इथे चोरीचा किंवा पोलिसांचा काही संबंध नाही. प्रोसेसर एवढंच सांगतोय की, ही आज्ञा मला माहीत नाही.

मग ही आज्ञा आली कुठून? आणि यावर इलाज आहे का?

प्रोसेसरला काय कळतं?

सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला कोड प्रोसेसरला थेट कळत नाही. कम्पायलर त्याचं मशीनच्या आज्ञांमध्ये रूपांतर करतो. या कामाला बिल्ड करणं म्हणतात. प्रत्येक प्रोसेसरला ठराविक आज्ञाच कळतात, आणि नव्या पिढीत त्यात भर पडत जाते.

पाककृतीत ‘मिक्सरमधून काढा’ लिहिलंय आणि घरात पाटा-वरवंटा आहे, तर आपण वाटून घेतो. प्रोसेसर असं डोकं चालवत नाही. अनोळखी आज्ञा आली की तो तिथेच थांबतो आणि ऑपरेटिंग सिस्टिम तो प्रोग्रॅम बंद करते.

कोणत्या पिढीला काय येतं?

इंटेल आणि एएमडीच्या ६४-बिट प्रोसेसरसाठी २०२० मध्ये चार पायऱ्या ठरवण्यात आल्या.

• पहिली पायरी (व्ही-१) : २००३ पासूनचे सगळे ६४-बिट प्रोसेसर. कोर टू ड्युओ इथेच मोडतो.
• दुसरी (व्ही-२) : एसएसई-४.२ आणि पॉपकाउंट या आज्ञा हव्यात. इंटेलमध्ये या २००८ च्या नेहालेम पिढीपासून आल्या.
• तिसरी (व्ही-३) : एव्हीएक्स-२ हवं. इंटेलमध्ये ते २०१३ च्या हॅसवेलपासून आलं.
• चौथी (व्ही-४) : एव्हीएक्स-५१२ हवं.

पण फक्त वर्ष बघून फसू नका. स्वस्त पेंटियम आणि सेलेरॉनमध्ये कंपनीने अनेकदा या सोयी दिल्याच नाहीत. पेंटियम जी-४५६० हा २०१७ चा प्रोसेसर, पण त्यात साधं एव्हीएक्ससुद्धा नाही. म्हणजे कमी पैशात घेतलेलं मशीन कागदावर नवं असलं, तरी या हिशोबात जुनंच ठरतं.

मोठ्या सॉफ्टवेअरनी काय केलं?

२०१८ मध्ये टेन्सरफ्लो १.६ च्या तयार फाइल्स एव्हीएक्स धरून बनवल्या गेल्या. २०२१ मध्ये क्रोम ८९ ने एसएसई-३ नसलेले प्रोसेसर सोडले. त्याच वर्षी मोंगोडीबी ५.० ला एव्हीएक्स लागू लागलं. विंडोज ११ च्या २४-एच-२ आवृत्तीला एसएसई-४.२ आणि पॉपकाउंट लागतात, त्यामुळे कोर टू ड्युओवर ती बूटच होत नाही. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून हा प्रश्न आता जास्त टोचतोय.

उलट उदाहरणही आहे. रेड हॅट लिनक्स १० (२०२५) तिसऱ्या पायरीवर गेलं. पण जवळपास त्याच कोडवर चालणाऱ्या अल्मालिनक्सने दुसऱ्या पायरीसाठी वेगळं बिल्ड दिलं. डेबियनचं ६४-बिट लिनक्स तर अजून पहिल्या पायरीवरच चालतं. म्हणजे बऱ्याचदा कोड तोच असतो, फरक बिल्ड करताना निवडलेल्या पर्यायाचा असतो.

तो पर्याय कोणता?

जीसीसी आणि क्लँग या कम्पायलरमध्ये ‘मार्च’ नावाचा पर्याय असतो. हा महिना नव्हे, ‘मशीन आर्किटेक्चर’चं लघुरूप आहे. किमान कोणता प्रोसेसर धरायचा, ते इथे ठरतं.

त्याची किंमत ‘नेटिव्ह’ ठेवली, तर ज्या मशीनवर बिल्ड होतंय त्याच्याच मापाचं सॉफ्टवेअर बनतं. स्वतःपुरतं हे उत्तम. पुण्याच्या सी-डॅकच्या परम महासंगणकांसारख्या ठिकाणी त्याच मशीनच्या मापाचं बिल्ड करण्यात फायदाच असतो. पण तीच फाइल दुसऱ्याला पाठवली, तर त्याच्याकडे चालेलच असं नाही. वाटायची फाइल असेल तर ‘मार्च’मध्ये पहिली किंवा दुसरी पायरी द्यावी.

‘एमट्यून’ हा वेगळा पर्याय आहे. तो नव्या प्रोसेसरवर वेग मिळावा म्हणून आज्ञांची मांडणी बदलतो, पण नव्या आज्ञा घालत नाही. त्यामुळे जुनं मशीन बाहेर पडत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे एकाच सॉफ्टवेअरमध्ये दोन-तीन प्रकारचा कोड ठेवायचा आणि चालू होताना प्रोसेसर तपासून योग्य तो वापरायचा. नमपाय आणि ओपनब्लासमध्ये ही सोय आहे. फाइल थोडी मोठी होते, पण वेग जात नाही आणि कुणी मागेही राहत नाही.

घरच्या कॉम्प्युटरवर एआय मॉडेल चालवणाऱ्या लामा डॉट सीपीपीमध्ये मात्र एक खाचखळगा आहे. तिथे फक्त ‘नेटिव्ह’ बंद करून भागत नाही, कारण मग एव्हीएक्स, एव्हीएक्स-२, एफएमए वगैरे पर्याय आपोआप चालू धरले जातात. तुमच्या प्रोसेसरमध्ये जे नाही, ते एकेक करून बंद करावं लागतं.

तुमच्याकडे जुनं मशीन असेल तर काय कराल?

१. आधी प्रोसेसर तपासा. लिनक्समध्ये ‘एलएससीपीयू’ ही कमांड द्या आणि ‘फ्लॅग्ज’ची ओळ बघा. विंडोजमध्ये सीपीयू-झेड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘इन्स्ट्रक्शन्स’समोर यादी दिसते.

२. सॉफ्टवेअरच्या अधिकृत पानावर ‘नो एव्हीएक्स’ किंवा ‘बेसलाइन’ नावाचं बिल्ड आहे का, ते शोधा.

३. नसेल आणि सोर्स कोड खुला असेल, तर स्वतः बिल्ड करा. जुन्या मशीनवर वेळ फार जात असेल, तर मित्राच्या नव्या लॅपटॉपवर करा. मात्र ‘मार्च’मध्ये तुमच्या प्रोसेसरची पायरी द्या आणि लिनक्सची आवृत्ती दोन्हीकडे तीच ठेवा. सोबतच्या लायब्ररीही त्याच पायरीच्या हव्यात. त्यातली एक जरी एव्हीएक्सवाली निघाली, तरी तोच एरर येणार.

४. जुनी आवृत्ती टाकणं हा शेवटचा उपाय. ब्राउझरच्या बाबतीत तर नकोच. सुरक्षा अपडेट बंद झालेल्या ब्राउझरवर बँकेचे व्यवहार करू नका.

५. ‘जुन्या पीसीसाठी खास’ म्हणून टेलिग्रामवर फिरणाऱ्या फाइल्सपासून लांब राहा. त्या कुणी बनवल्या आणि आत काय घातलंय, हे कळायला मार्ग नसतो.

योग्य बिल्ड मिळालं म्हणून जुनं मशीन वेगवान होत नाही. एआय मॉडेल तर हळूच चालेल. पण टायपिंग, प्रोग्रॅमिंगचा सराव, ऑनलाइन फॉर्म भरणं या कामांसाठी त्याची अजून काही वर्षं शिल्लक असू शकतात. त्यामुळे ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ दिसलं की मशीन भंगारात काढायच्या आधी ‘फ्लॅग्ज’ची ओळ एकदा वाचा. आणि तुम्ही स्वतः सॉफ्टवेअर बनवत असाल, तर फाइल अपलोड करण्याआधी ‘मार्च’समोर काय लिहिलंय ते तपासा.