पोथीचा समास आणि अनेकांचें एकत्र लेखन : बीड व गोदातीर येथील कांहीं दाखले

जुन्या पोथ्यांची सूची करतांना आपण ग्रंथनाम, ग्रंथकार, पत्रसंख्या, ओळी, लेखनकाल व लेखकाचें नांव इतकें टिपून घेतों. समास मात्र रुंदीपुरता मोजला जातो, वाचला जात नाहीं. वस्तुतः एकाच लेखावर अनेकांनीं आपापलें म्हणणें कसें नोंदवावें, त्यांतलें कोणतें संहितेंत जावें व कोणतें बाहेर राहावें, हा सारा व्यवहार आपल्याकडे शतकानुशतकें त्या कोऱ्या पट्टींतच चालला. हल्लीं संगणकावर एकच लेख पांचदहा माणसें निरनिराळ्या गांवीं बसून लिहितात व पानाच्या कडेला आपले शेरे ठेवतात. पोथ्यांचीं लिप्यंतरेंहि आतां या रीतीनें होऊं लागलीं आहेत. तेव्हां समासाच्या जुन्या व्यवहाराचा विचार करण्यास हा प्रसंग योग्य आहे. दाखले आम्हीं बहुतेक बीड जिल्ह्यांतले व त्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या गोदेच्या कांठचे घेतले आहेत.

प्रथम साधनें पाहूं. अक्षर गळलें कीं त्या ठिकाणीं हंसपद करून गळलेलें अक्षर समासांत लिहीत, आणि ओळ वरून कितवी किंवा खालून कितवी हा आंकडाहि पुष्कळदा शेजारीं देत. चुकीचें अक्षर पडलें तर त्यावर पिवळा हरताळ लावून तें झांकीत व वाळल्यावर वर शुद्ध अक्षर काढीत. 'हरताळ फासणें' हा वाक्प्रचार येथूनच आला. दुकानें बंद ठेवण्याच्या हरताळाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. कठीण शब्दाचा अर्थ ओळीच्या वर किंवा समासांत बारीक अक्षरानें येई. आतां यांतील हंसपदाची भरती ही संहितेचाच भाग, तर अर्थाचें टिपण हें वाचणाराचें स्वतःचें. दोहोंची योग्यता अगदीं निराळी. पण जागा एकच, आणि पुष्कळदा शाईहि एकच. पुढचा नकलकार दोहोंतला भेद ओळखूं न शकल्यास दोन्ही संहितेंत घेई. ज्या प्रक्षेपांना आपण नांवें ठेवतों ते सर्वच लबाडीनें झालेले नाहींत. त्यांतले कितीएक अशा प्रामाणिक नकलेंतून शिरलेले आहेत.

संस्कृत टीकाग्रंथांच्या लेखकांनीं या घोटाळ्यावर पानाच्या मांडणीनेंच उपाय केला होता. मूळ मध्यभागीं मोठ्या अक्षरांत आणि टीका वर व खालीं, हा त्रिपाठ. डावा-उजवा समासहि टीकेनें भरला कीं पंचपाठ. यहुदी लोकांच्या तल्मूद ग्रंथाचें पान असेंच असतें. डॅनियल बाँबर्ग यानें व्हेनिस येथें १५२० ते १५२३ या काळांत तो छापला तेव्हां मूळ मध्यें व भाष्यकार दोन्ही अंगांस, ही मांडणी छापखान्यानें कायम केली. मराठी ओवीबद्ध टीकेला मात्र समास पुरला नाहीं. आंबेजोगाईच्या दासोपंतांनीं (१५५१-१६१५) गीतेच्या सातशें श्लोकांवर 'गीतार्णव' रचला, त्याची ओवीसंख्या परंपरेनें सवा लक्ष सांगतात. त्यांचें 'पंचीकरण' तर कागदावरहि मावलें नाहीं. सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा पासोडीवर तें उतरलें. हें थोडें विषयांतर झालें. परंतु आंबेजोगाईचें नांव घेऊन पासोडीचा उल्लेख टाळणें आमच्यानें होत नाहीं.

आंबेजोगाईचाच दुसरा दाखला अधिक बोचक आहे. मुकुंदराजांच्या 'विवेकसिंधू'चा काल शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, असा जो धरला जातो तो ग्रंथांत येणाऱ्या कालदर्शक ओवीवरून. ती ओवी ग्रंथकाराची कीं मागाहून कोणीं घातलेली, याविषयीं अभ्यासकांत एकमत नाहीं. ग्रंथ आंबेजोगाईस झाला कीं वैनगंगेच्या तीरीं आंभोऱ्यास, हाहि वाद आहेच. मराठींतील आद्य ग्रंथ कोणता या प्रश्नाचा निकाल असा एका ओवीच्या मालकीवर अडून राहावा, हें समासाची उपेक्षा करणारांनीं लक्षांत घेण्यासारखें आहे. ती ओवी दुसऱ्या कोणाची असेल, तर त्यानें शेजारीं आपलें नांव घातलें असतें तरी पुरे होतें.

नांव घालण्याची ही शिस्त ज्यांनीं पाळली ते महानुभाव. गेवराई तालुक्यांतील पांचाळेश्वर हें गोदातीरींचें त्यांचें आत्मतीर्थ; बीड जिल्ह्याचा या पंथाशीं संबंध असा जुना आहे. म्हाइंभटांनीं १३ व्या शतकाच्या अखेरीस श्रीचक्रधरांच्या लीळा ज्यांनीं पाहिल्या-ऐकिल्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या व नागदेवाचार्यांच्या नजरेखालीं 'लीळाचरित्र' सिद्ध केलें. पुढें खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमींत मूळ पोथी नष्ट झाली व शिष्यांनीं स्मरणावरून ग्रंथ पुन्हां उभा केला, असें पंथाची परंपरा सांगते. स्मरणें अर्थातच जुळलीं नाहींत. अशा वेळीं त्यांनीं केलें तें आम्हांस अपूर्व वाटतें. एक पाठ खरा मानून बाकीचे पुसून टाकण्याऐवजीं, जेथें भेद पडला तेथें ती ती निराळी आठवण 'वासना' म्हणून ग्रंथांतच नोंदली, आणि ती हिराइसेची, परशरामबासांची कीं रामेश्वरबासांची, हेंहि सांगितलें. पंथानें पुढें सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ग्रंथ झांकून ठेवले, त्यामुळें बाहेरच्यांस ते शतकें वाचतां आले नाहींत, ही हानि खरी; परंतु आंतला मतभेद त्यांनीं झांकला नाहीं. वि. भि. कोलते यांची १९७८ सालची आवृत्ति हातीं घेणारास या वासनांची किंमत सांगावी लागत नाहीं. श्रद्धेचा ग्रंथ असून त्यांत 'येथें आमचें एकमत नव्हतें' हें लिहून ठेवण्याचें धैर्य थोड्यांनींच दाखविलें आहे.

याच्या उलट दिशेचा उपाय पैठणास झाला. एकनाथांनीं शके १५०६ (इ. स. १५८४) मध्यें ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून अपपाठ काढले व संहिता शुद्ध केली, शेवटीं, यापुढें कोणीं आपली ओवी यांत घालूं नये, अशी कडक ताकीदहि दिली. त्यांच्यापुढें तीनशें वर्षांची भरती होती, तेव्हां दार लावून घेणें त्यांना प्राप्तच होतें. वारकऱ्याच्या हातीं एक निर्मळ पाठ आला हा उपकार मोठा. तरी संशोधकास हळहळ वाटते ती वाटतेच. नाथांनीं काढून टाकलें तें काय होतें व कोणाच्या हातचें होतें, हें शुद्ध झालेल्या संहितेवरून कळण्यास मार्ग नाहीं.

म्हणूनच इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना बीडच्या पाटांगण येथें नाथांच्या आधीची वाटावी अशी ज्ञानेश्वरीची पोथी लाभली, तेव्हां तिचें मोल त्यांनीं ताबडतोब ओळखलें. १९०९ सालीं त्यांनीं ती छापली. 'राजवाडे संहिता' या नांवानें ती आजहि प्रमाण म्हणून चर्चेंत असते. तिच्या प्राचीनत्वाविषयीं मतभेदहि झाले. परंतु मूळ पोथी आज अभ्यासकांपुढें नाहीं. छापील संहिता शब्द देते. हात किती होते, कोणती शाई जुनी व कोणती नवी, हंसपद कोठें व हरताळ कोठें, हें ती देऊं शकत नाहीं. आणि प्राचीनत्वाचा वाद मिटविण्यास नेमकें तेंच हवें आहे.

आतां संगणकाकडे. गूगल डॉक्स ही सोय २००६ साली सुरू झाली. तींत एखाद्या शब्दास शेरा जोडला कीं शेरा देणाराचें नांव व वेळ आपोआप पडते, व त्याखालीं इतरांस उत्तर देतां येतें. २०१४ पासून सुचविलेला फेरफार संहितेंत निराळ्या रंगानें दिसून मान्यतेची वाट पाहत राहूं लागला. म्हणजे हंसपद निराळें व टिपण निराळें. आमच्या नकलकारास जो भेद करतां आला नाहीं तो येथें यंत्रच करतें. महानुभावांना ही सोय आवडली असती. परंतु शेऱ्याचा निकाल लागला अशी खूण केली कीं तो पानावरून दिसेनासा होतो. शेऱ्यांच्या इतिहासांत तो सांपडतो खरा, पण तेथें जाऊन पाहतो कोण? आणि लेख पीडीएफ करून उतरविला म्हणजे शेरे मागेंच राहतात. छापखान्याकडे जातें तें पान नाथांच्या संहितेइतकेंच निर्मळ असतें. पोथीचा समास पोथीबरोबर देवघरांतून देवघरांत व वंशांतून वंशांत गेला. हे शेरे मूळ लेख ज्याच्या नांवावर आहे त्याच्या खात्यांत राहतात. खातें बंद पडलें कीं तेहि जातात.

यासाठीं आमची सूचना अशी कीं, सामाईक रीतीनें केलेलें लिप्यंतर छापावयास देण्यापूर्वीं निकालांत निघालेल्या शेऱ्यांसह त्याची एक प्रत कागदावर काढून मूळ पोथीच्या रुमालांत ठेवावी, व जेथें वाचनाचा भेद उरला असेल तेथें ज्याचें वाचन त्याचें नांव तळटीपेंत द्यावें. सूचीकारांनींहि पोथीच्या वर्णनांत समासाचा रकाना वेगळा करावा: हात किती, शाया किती, भरती किती व टिपणें किती, आणि त्यांपैकीं कोणती मजकुराच्या हाताशीं जुळते. हरताळ झडून खालचें अक्षर कोठें दिसत असल्यास पान व ओळ देऊन तेंहि लिहावें.