रायबोझाइम, हिपॅटायटिसरोधक

हिपॅटायटिस बी आणि सी विषाणूंचा आरएनए ठरावीक जागी कापून त्यांची प्रथिननिर्मिती रोखण्यासाठी प्रयोगशाळेत घडवलेले आरएनए रेणू. एंझाइम म्हणजे प्रथिनच, ही समजूत टॉमस चेक (१९८२) आणि सिडनी ऑल्टमन (१९८३) यांनी आरएनएही एंझाइमचे काम करतो हे दाखवून मोडली. दोघांना १९८९चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. यकृताच्या विषाणूंना आरएनए कापण्याची ही क्रिया परकी नाही: हिपॅटायटिस डी विषाणूच्या आरएनएत नैसर्गिक रायबोझाइम असतेच.

उपचारासाठी प्रामुख्याने ‘हॅमरहेड’ प्रकार वापरला गेला. त्याचे दोन बाहू विषाणूच्या आरएनएवरील पूरक क्रमाशी जुळतात आणि मधला गाभा साखळी तोडतो. तुकडे सुटले की तोच रेणू पुढच्या साखळीकडे वळू शकतो.

लक्ष्याची निवड महत्त्वाची. सी विषाणूचा सुमारे ९,६०० न्यूक्लिओटाइडांचा आरएनए हीच त्याची जनुकसंहिता आणि हाच प्रथिनांचा संदेश. त्याच्या सुरुवातीचा ३४१ न्यूक्लिओटाइडांचा भाग निरनिराळ्या वाणांत फारसा बदलत नाही, म्हणून छेद तेथे योजला. बी विषाणू डीएनएचा असला, तरी त्याचे सगळे आरएनए-संदेश एकाच ठिकाणी संपतात. शेवटाजवळच्या एका छेदात ते सर्व सापडतात. पेशीकेंद्रातील वर्तुळाकार डीएनए मात्र तसाच राहतो.

साधा आरएनए रक्तद्रवात काही मिनिटांत नष्ट होतो. सगळ्या शर्करा बदलल्या तर तो टिकतो, पण कापत नाही. गाभ्यातील मोजक्या रायबोज शर्करा तशाच ठेवून इतरत्र मिथिल गट जोडणे, एका टोकाला गंधकयुक्त फॉस्फेट-बंध आणि दुसऱ्या टोकाला उलटी शर्करा बसवणे, हा त्यावरचा तोडगा. या क्षेत्रातील सर्वांत मोलाचे काम हेच.

कोलोरॅडोतील बोल्डर येथील ‘रायबोझाइम फार्मास्युटिकल्स’ने सी विषाणूविरुद्ध ‘हेप्टाझाइम’ मानवी चाचण्यांपर्यंत नेले. प्राणीचाचणीत एका माकडाला अंधत्व आल्यावर ते काम थांबले. २००३मध्ये कंपनीने ‘सर्ना थेरप्युटिक्स’ हे नाव घेतले आणि आरएनए-हस्तक्षेपाकडे मोर्चा वळवला. सी विषाणूवरील सोफोसबुव्हिर या औषधाला २०१३मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. तोंडावाटे घेण्याच्या अशा औषधांनी सी संसर्ग बरा होऊ लागला आणि त्या आघाडीवर रायबोझाइमची निकड उरली नाही. बी संसर्गात ती अजूनही आहे. तेथे चाचण्यांत असलेल्या लघु-हस्तक्षेपी आरएनए औषधांत मिथिल गटांचे तेच संरक्षण वापरले जाते.