पैलतीरावरची काशी

मराठीत ‘पैलतीर’ हा शब्द निघाला की ऐकणारा थोडा गंभीर होतो. पिकल्या वयाच्या माणसाची दृष्टी पैलतीराकडे लागली आहे, असे आपण म्हणतो आणि त्याचा अर्थ कोणास समजावून सांगावा लागत नाही. परंतु हा शब्द घेऊन कोणी काशीस आला, तर त्याची मोठीच फसगत होते. येथे मरण ऐलतीरावर आहे. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांवरच्या चिता, मोक्षासाठी येऊन राहिलेली वृद्ध माणसे, पिंड, तर्पण, पंडे, सारे याच अंगाला. समोर गंगेच्या पूर्वेस लांबवर पसरलेली नुसती वाळू आहे, आणि काशीकर तेथे जातो तो जगायला: पोहायला, दंड काढायला, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर बाट्या भाजून खायला.

ही विभागणी अर्धी नदीने केली आहे आणि अर्धी पुराणाने. काशीजवळ गंगा उत्तरेकडे वळते. त्या वळणाच्या बाहेरच्या बाजूस, म्हणजे पश्चिमेस, कंकरमिश्रित चिकणमातीचा उंच व टणक काठ आहे. प्रवाहाचा मारा तो सहन करतो, म्हणून त्यावर घाट उभे राहिले. आतल्या बाजूस पाणी मंदावते आणि दर पावसाळ्यात आणलेली वाळू तेथेच टाकून देते. भाद्रपदात हा पूर्व काठ दिसतही नाही. 1978 च्या सप्टेंबरात गंगेने येथे 73.90 मीटरची पातळी गाठली होती. धोक्याची रेघ 71.26 मीटरवर आहे. दिवाळीनंतर पाणी उतरू लागते, आणि मग जलाशयातून एखादे बेट वर यावे तशी ती पांढरी भूमी हळूहळू उघडी पडते. ज्येष्ठापर्यंत तिचे आयुष्य.

असल्या भूमीवर घर कोण बांधणार? आणि कोणास बुद्धी झालीच, तर काशीखंडातील व्यासांची कथा आडवी येते. भिक्षा मिळाली नाही म्हणून व्यासांनी काशीलाच शाप दिला. तेव्हा शंकरांनी त्यांना क्षेत्राबाहेर घालवले, फक्त अष्टमी आणि चतुर्दशीस आत येण्याची मुभा ठेवली. महाभारतकर्त्यास गंगेपलीकडे बसून काशीकडे पाहत राहावे लागले. रामनगरकडे त्यांचे देऊळ आहे. लोकांनी या कथेस आपली पुस्ती जोडली, ती अशी की पलीकडे मरणारा पुढल्या जन्मी गाढव होतो. आमच्या मते या गाढवाच्या भयाने त्या काठाचे जेवढे रक्षण केले, तेवढे पुढे कोणत्याही सरकारी अधिसूचनेने केले नाही.

मराठी माणूस काशीस आला तो ऐलतीरासाठीच. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात ‘त्रिस्थलीसेतु’ लिहून प्रयाग, काशी आणि गया येथील विधींची शास्त्रीय मांडणी केली. त्याच घराण्यातील गागाभट्टांनी 1674 मध्ये रायगडावर शिवछत्रपतींना राज्याभिषेक केला, हे वाचकांस ठाऊकच आहे. अठराव्या शतकात पेशवे, होळकर, नागपूरकर भोसले यांच्या द्रव्याने घाट उभे राहिले. 1830 मध्ये बायजाबाई शिंद्यांनी बांधवलेला घाट तर स्वतःच्याच भाराने खचला. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या बाजूस मराठी वाडे दाटले. पेशवाई गेल्यावर दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजीअप्पा येथे राहिले. त्यांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांची कन्या मनकर्णिका काशीतच जन्मली आणि पुढे झाशीची राणी झाली.

या वाड्यांतील वडीलधाऱ्यांपैकी काहींनी क्षेत्रसंन्यास घेतलेला असे. क्षेत्रसंन्यास म्हणजे मरेपर्यंत काशीच्या सीमेबाहेर पाऊल न टाकण्याचे व्रत. या व्रताचा एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. ज्या घराच्या सज्जातून समोरची वाळू रोज उन्हात चमकताना दिसते, त्या घरातील आजोबांना नावेने काही पळांच्या अंतरावर असलेला तो काठ जन्मभर वर्ज्य होता. नातवांस मात्र तो मोकळा होता. एकाच घराच्या पायऱ्यांवरून एक पिढी मरणाची वाट पाही आणि दुसरी नावेत उडी टाकी.

या पलीकडे जाण्यास बनारसी बोलीत ‘बहरी अलंग’ म्हणतात. बाहेरची बाजू, असा त्याचा सरळ अर्थ. सारनाथकडील आमराया वा गंगेवरची वाळू, गावाबाहेर कोठेही निवांत दिवस काढणे त्यात येते; पण त्यातही वाळूचा मान मोठा. त्याचे आरंभीचे कारण शिष्ट वाचकांस नाक मुरडायला लावील. क्षेत्राची भूमी मलिन होऊ नये, म्हणून जुने श्रद्धाळू लोक प्रातर्विधीसाठीसुद्धा नाव करून पलीकडे जात. विधी उरकला म्हणजे घाई कसली? मग लंगोट आणि गमछा साबणाने धुऊन वाळूवर पसरायचा. यास ‘साफा लगाना’ म्हणतात आणि ते केवळ धुणे नसून एक संथ, सामाजिक कृत्य आहे. कपडे वाळेपर्यंत तेल रगडावे, दंड-बैठका काढाव्या, सिलबट्ट्यावर भांग घोटावी, मध्येच एखाद्याने चैती वा कजरी आळवावी. दुपारी बाटी आणि चोखा: वांगी, टोमॅटो, बटाटे निखाऱ्यात भाजून, कुस्करून, मोहरीच्या तेलात कालवलेले. आपल्याकडील वांग्याच्या भरिताचाच हा दूरचा नातलग. कूट घातले की ओळख पटते.

तेथे आम्हांस सर्वांत भावते ती समता. घाटावर प्रत्येक पायरीस मालक आहे, पंड्याची छत्री आहे, दक्षिणेचा दर आहे. वाळूवर कोणतेच पुण्य मिळत नसल्यामुळे त्याचा हिशेबही नाही. ज्यांच्यावाचून हे सारे शक्य नाही, ते निषाद तेवढे तेथे कष्टाला येतात. नाव वल्हवतात, पाणी उतरले की त्याच वाळूत खड्डे करून, खत घालून काकडी, कलिंगड, खरबूज पिकवतात. आमच्या सहलींच्या वर्णनांत त्यांचे नाव क्वचितच येते, हे बरे नव्हे.

आणखी एक गोष्ट रेल्वेच्या चाकरीतील वाचकांसाठी. 1870 मध्ये मुंबईहून जबलपूरमार्गे अलाहाबादपर्यंतचा लोहमार्ग जोडला गेला. राजघाटचा पूल झाला 1887 मध्ये. मधल्या सतरा वर्षांत आगगाडीने आलेला मराठी यात्रेकरू मुगलसरायच्या अंगास, म्हणजे पैलतीराकडेच उतरे आणि गंगा ओलांडून क्षेत्रात येई. काशीचे पहिले दर्शन त्यास अपुण्य काठावरून होई. आणि खरे पाहता ते तेथूनच पुरे होते. काशीत उभे राहून काशी दिसत नाही.

या काठाची कहाणी अलीकडे गुंतागुंतीची झाली आहे. अर्धदग्ध शवे खाऊन पाणी शुद्ध व्हावे, म्हणून गंगा कृती योजनेत कासवे वाढवून नदीत सोडली गेली आणि 1989 मध्ये रामनगर ते मालवीय पूल एवढा सात किलोमीटरचा टापू कासवांचे अभयारण्य ठरला. ऐलतीराची सेवा करायची आणि ऊन खायला पैलतीरी यायचे, हा कासवांचा क्रम तरी अस्सल बनारसी होता. त्या काळात वाळूउपशावर बंदी होती. 2020 मध्ये ते अभयारण्य रद्द होऊन गंगेच्याच वरच्या अंगास, प्रयागराज-मिर्झापूरकडे, नवे घोषित झाले. 2021 मध्ये याच वाळूतून सुमारे पाच किलोमीटरचा कालवा खणण्यात आला. 2023 च्या जानेवारीत प्रवाशांसाठी तंबूंचे नगर उभे राहिले. त्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने आक्षेप घेतला. तंबूत मुक्काम करण्यास आमचा विरोध नाही, परंतु जेथे जाण्यास आजवर नावेच्या भाड्याखेरीज काही लागत नव्हते, तेथे दरपत्रक लागावे, हे मनास रुचत नाही.

कालव्याचे काय झाले, हे सांगायचे राहिले. त्याच वर्षीच्या ऑगस्टात गंगा चढली, आणि पाणी ओसरले तेव्हा तो वाळूने भरून निघाला होता.