खोक्याचं कूळ

'काहोन' हा शब्द ऐकायला भारदस्त वाटतो, अर्थ कळला की थोडी निराशाच होते. स्पॅनिशमध्ये 'काहा' म्हणजे पेटी आणि 'काहोन' म्हणजे मोठी पेटी, खोका. टेबलाच्या खणालाही तिथे हाच शब्द. आपण जिला कौतुकानं पेटी म्हणतो तिला निदान भाता आणि सूर असतात. इथे सहा फळ्या आणि मागच्या बाजूला एक भोक, संपलं. वाजवणारा त्याच्यावरच बसतो आणि दोन पायांमधली पातळ फळी बडवतो. मधोमध तळवा पडला की डग्ग्यासारखा घुमारा, वरच्या काठावर बोटं पडली की चाटेसारखा कडक 'टक'.

हा खोका पेरूच्या किनाऱ्यावरचा. उसाच्या आणि कापसाच्या मळ्यांवर राबायला स्पॅनिश मालकांनी आफ्रिकेतून माणसं धरून आणली. त्यांचे ढोल मागेच राहिले, आणि इथे ढोल वाजवलेला ना चर्चला खपे, ना सरकारला. मग मालाचे रिकामे खोके हाताशी आले. मुकादम दिसला की वादक नुसता खोक्यावर बसलेला माणूस होऊन जाई, असं सांगतात. गोष्ट जरा जास्तच नेटकी आहे. मला वाटतं, खोका फुकट मिळत होता हे कारणही पुरेसं होतं. त्याची भावंडं पाहिली की पटतं. चर्चमधल्या दानपेटीसारखी छोटी 'काहिता' गळ्यात अडकवून झाकण आपटत वाजवतात. 'किहादा' म्हणजे तर गाढवाचा वाळका जबडा, त्यातले सैल दात खुळखुळतात! तिकडे क्यूबात गोदीवरची माणसं खारवलेल्या माशांच्या खोक्यांवर रुंबा वाजवत होतीच.

पेरूत गुलामगिरी 1854 मध्ये संपली, पण या संगीताला प्रतिष्ठा मिळायला आणखी शंभर वर्षं लागली. निकोमेदेस आणि व्हिक्टोरिया सान्ता क्रूस या भावाबहिणीनं ते रंगमंचावर आणलं. 1969 मध्ये 'पेरू नेग्रो' हा संच उभा राहिला.

आणि मग खोका परदेशी गेला. 1970 च्या दशकाच्या अखेरीस फ्लामेंकोचा गिटारवादक पाको दे लुसिया लिमाला आला होता. तिथल्या एका मैफलीत त्यानं काइत्रो सोतोला काहोन वाजवताना ऐकलं आणि ते वाद्यच विकत घेतलं. फ्लामेंकोत ताल टाळ्यांचा आणि नाचणाऱ्याच्या पायांचा. बोंगो-कोंगांचा कातडी आवाज त्यात उपरा वाटे. या लाकडात मात्र पाकोला टाच आणि तळपाय दोन्ही ऐकू आले. त्याच्या संचातला ब्राझीलचा रुबेम दान्तास ते वाजवू लागला. पुढे स्पेनमध्ये फळीच्या आतून गिटारच्या तारा ताणल्या गेल्या, थापेला झणझण आली, आणि काही वर्षांतच लोक त्याला 'फ्लामेंको काहोन' म्हणू लागले.

पेरूला हे झोंबलं, आणि का झोंबू नये? 2001 मध्ये तिथल्या सरकारनं काहोनला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केलं. आज पुण्या-मुंबईत 'अनप्लग्ड' मैफलीत गिटारशेजारी एखादा मुलगा खोक्यावर बसलेला दिसतो. ते कूळ ओळखायची खूण सोपी आहे: थापेबरोबर आत तारा झणझणल्या तर खोका स्पेनहून फिरून आलाय, नुसतं लाकूड बोललं तर थेट पेरूचा.