एस्थरचं अकॉर्डियन

१९४३चा वसंत. तुम्ही बिर्केनाऊच्या बायकांच्या छावणीत उभे आहात. जर्मनांनी बळकावलेल्या पोलंडमधल्या ऑशविट्झचाच हा भाग. कैदी बाया धोंडे उचलून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेताहेत. उद्या तेच धोंडे परत आणायचे. बांधायचं काहीच नाही, माणूस मोडायचा आहे.

त्यातली ती बुटकी मुलगी नीट बघून ठेवा. एस्थर लोवी, वय अठरा. २० एप्रिलला, म्हणजे नेमक्या हिटलरच्या वाढदिवशी, तिला बर्लिनहून इथे आणलं. डाव्या हातावर आकडा गोंदलाय, ४१९४८. यहुदी प्रार्थनामंदिरात गाणाऱ्याची ही लेक. नाझींनी तिच्या आईवडिलांना १९४१च्या नोव्हेंबरातच लिथुआनियात, कौनासला गोळ्या घातल्या. तिला हे अजून माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही इथे फक्त बघायला आला आहात.

रात्री बराकीत चला. ब्लॉकच्या मुख्य बाईला गाणं ऐकवलं की पावाचा एखादा तुकडा जास्त मिळतो, म्हणून एस्थर शूबर्ट गाते. त्या गाण्यामुळेच तिचं नाव पुढे जातं. छावणीत बायकांचा वाद्यवृंद उभा राहतोय आणि झोफिया चायकोव्स्का ही पोलिश कैदी त्याची प्रमुख आहे. मला पियानो येतो, एस्थर सांगते. पियानो नाही इथे, अकॉर्डियन येत असेल तर बोल. एस्थरने आयुष्यात अकॉर्डियन हातात धरलेलं नाही. येतं, ती म्हणते.

आता जरा जवळ सरका. उजव्या हाताच्या पट्ट्या पियानोसारख्याच. आपल्याकडे पेटी वाजवणाऱ्यालाही त्या परक्या वाटणार नाहीत. गोची आहे ती डाव्या हाताची. तिथे नुसती बटणांची रांग, आणि वाजवणाऱ्याला तीही दिसत नाही. एस्थर थोडा वेळ मागून घेते, बाजूला जाते, भाता ताणते आणि कानाने एकेक बटण हुडकते. मग परत येऊन 'बेल अमी' हे तेव्हा गाजलेलं चित्रपटगीत वाजवून दाखवते. निवड होते. धोंडे सुटतात.

सुटतात म्हणायचं इतकंच. सकाळी कामावर निघालेल्या आणि संध्याकाळी परतणाऱ्या रांगांची पावलं तालात पडावीत म्हणून फाटकाशी मार्च वाजवायचा. आणि नव्या गाड्या येतात तेव्हाही वाजवायचं. बघा, गाडीतले लोक वाद्यवृंदाकडे पाहून हात हलवताहेत. जिथे गाणंबजावणं चाललंय तिथे फार वाईट काय होणार, असं त्यांना वाटत असावं. त्यांना कुठे नेणार आहेत हे वाजवणाऱ्यांना ठाऊक आहे. मागे एसएस या नाझी दलाचे शिपाई बंदुका घेऊन उभे आहेत. सूर थांबत नाहीत. ते हात हलवणारे लोक एस्थर जन्मभर विसरली नाही.

पुढचं भराभर ओलांडू. आजी ख्रिश्चन होती, म्हणजे नाझींच्या हिशेबात एस्थर पूर्ण यहुदी नव्हती, म्हणून नोव्हेंबर १९४३मध्ये तिची रवानगी रावेन्सब्रुक छावणीत. तिथे सीमेन्स कंपनीसाठी वेठबिगारी. युद्ध संपत आलं तेव्हा कैद्यांना पायी हाकलत नेलं आणि त्या वाटेवर ती मैत्रिणींसोबत झाडीत पळाली. ३ मे १९४५ला ल्युब्झ गावच्या चौकात अमेरिकन आणि रशियन सैनिक हिटलरची तसबीर जाळताहेत, भोवती सगळे नाचताहेत, आणि अकॉर्डियन एस्थरच्याच गळ्यात आहे.

तिथून पॅलेस्टाइन, लग्न, दोन मुलं. १९६०मध्ये ती एस्थर बेजारानो म्हणून जर्मनीत परतली आणि हॅम्बुर्गला राहिली. ऑशविट्झबद्दल मात्र कित्येक वर्षं तोंडातून शब्द नाही.

तुम्हाला उतरायचंय सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, तिच्या कपड्यांच्या दुकानासमोर. एनपीडी या कडव्या उजव्या पक्षाने तिथेच प्रचाराचं टेबल मांडलंय. विरोधकांपासून त्यांना वाचवायला पोलीस उभे आहेत. एस्थर बाहेर येते, एका पोलिसाची कॉलर धरते आणि विचारते, कोणाला संरक्षण देतोयस, कळतंय का? मी ऑशविट्झमध्ये होते. त्यावर टेबलामागचा एक जण म्हणतो, ऑशविट्झमध्ये होते ते सगळे गुन्हेगारच.

त्या दिवसापासून ती बोलायला लागली. १९८६मध्ये तिने जर्मनीतल्या ऑशविट्झ समितीच्या स्थापनेत भाग घेतला. शाळाशाळांतून फिरली. मुलांना सांगायची की जे झालं त्यात तुमचा दोष नाही, पण ते जाणूनच घ्यायचं नाही असं ठरवलंत तर तो तुमचा दोष. सहिष्णुता शिकवणारी आजी म्हटलं की सगळ्यांना पोटात घालणारी मवाळ बाई डोळ्यांपुढे येते. एस्थर तशी नव्हती. नाझींना पोटात घालायला ती कधीच तयार झाली नाही, आणि मला तिची शिकवण पटते ती त्यामुळेच.

एका मैफलीत डोकावून या. नव्वदीच्या एस्थरसोबत मंचावर कोलोनच्या 'मायक्रोफोन माफिया'चे रॅपर आहेत. कुटलू युर्तसेवन तुर्की घरातला, रोझारिओ पेनिनो इटालियन. शिवाय तिचा मुलगा योराम. यिद्दिश गाणी आणि रॅप एकाच कार्यक्रमात.

जानेवारी २०२०मध्ये तिने सरकारला खुलं पत्र लिहिलं. ८ मे, नाझी राजवट संपल्याचा दिवस, देशभर सुटीचा करा. १० जुलै २०२१ रोजी, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी ती हॅम्बुर्गला वारली. बर्लिन राज्याने २०२० आणि २०२५मध्ये त्या-त्या वर्षापुरती सुटी दिली. देशभरची सुटी अजून झालेली नाही.