मुंबई बंदरांतील दगडांची साक्ष

मुंबई शहर पहावयास जाणें ही आपणांपैकीं पुष्कळांस आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. मुलेंबाळें घेऊन आपण अपोलो बंदरावर जातों, दर्याचा वारा खातों, पदार्थसंग्रहालयांत एक फेरी मारतों आणि सायंकाळीं दमून घरीं परततों. परंतु समोर दिसणारी वस्तु तेथें कशी आली व तिच्या जागीं पूर्वीं काय होतें, ही पृच्छा फार थोडे करितात. महोत्सवाच्या या प्रसंगीं ती करण्याचा आम्हीं यत्न करणार आहों.

प्रथम बंदरावरील भव्य कमान, गेट वे ऑफ इंडिया, हीच पाहूं. बादशहा पंचम जॉर्ज व राणी मेरी हीं ता. २ डिसेंबर १९११ रोजीं येथें उतरलीं, त्याचें हें स्मारक होय. गंमत अशी कीं, तीं उतरलीं तेव्हां ही दगडी कमान मुळींच नव्हती! पायाचा दगड १९१३ सालीं बसला आणि जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याबरहुकूम काम १९२४ सालीं पुरें झालें. पुढें पुरतीं चोवीस वर्षेंहि लोटलीं नाहींत, तोंच ता. २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं ब्रिटिशांची शेवटची पलटण याच कमानींतून जाऊन जहाजावर चढली. स्वागताचें द्वार निरोपाचें द्वार ठरलें!

जवळच विटेट यांनींच रचलेलें, घुमटाचें वस्तुसंग्रहालय आहे. इमारत तयार होतांच पहिलें महायुद्ध उद्भवलें व तेथें लष्करी इस्पितळ झालें. लोकांस तें १९२२ सालीं खुलें झालें. प्रिन्स ऑफ वेल्स यांचें नांव जाऊन तेथें आज छत्रपति शिवाजी महाराजांचें नांव आहे. सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांनीं घरीं जमविलेला ठेवा या संग्रहालयांत आला, म्हणूनच तो आज सर्वांचा झाला.

तेथून उत्तरेस क्रॉस मैदान लागतें. हें नांव नित्य हजारों लोकांच्या तोंडीं असतें. पण कोणता क्रॉस, हें विचारतो कोण? किल्ल्याबाहेरील या मोकळ्या पटांगणांत एस्पेरांसा मातेचें, म्हणजे आशामातेचें, देऊळ होतें. तोफांसमोर आडोसा राहूं नये म्हणून कंपनी सरकारनें आसपासच्या इमारती पाडविल्या, त्यांत सुमारें १७६० सालीं हें देऊळहि गेलें. हा प्रसंग केवळ आपणांवरच आला असें नव्हे. मुंबादेवीचें जुनें मंदिरहि त्याच शतकांत आपल्या स्थानावरून हललें. भाविकांनीं भुलेश्वराकडे पुन्हां देऊळ उभारलें, आणि मैदानांत उरला तो दगडी क्रूस.

शेवटीं भायखळ्यास जाऊं. डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव धारण करणारें संग्रहालय १८७२ सालीं खुलें झालें. त्याच्या आवारांत एक काळा पाषाणी हत्ती उभा आहे. हा मूळचा घारापुरी बेटावरचा. यास पाहूनच पोर्तुगीजांनीं त्या बेटास एलिफंटा म्हटलें. १८६४ सालीं त्यास विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला. परंतु उचलतांना यारी मोडली व हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईस आणले, आणि १९१४ सालीं पुन्हां जोडण्यांत आले.

वाचकहो, कमानीचा अर्थ पालटला, देऊळ पडलें, हत्ती भंगला. तरी ज्यांची हकीगत कोणीं लिहून ठेविली तीं नाहींशीं झालीं नाहींत. आपल्या गांवच्या वेशीवरचा क्रूस, देवळाची जुनी घांट, बाप्तिस्म्याची जीर्ण वही, आजीच्या पेटींतील लुगडें यांचें काय? त्यांची माहिती सांगणारी वडील मंडळी अजून आपल्यांत आहेत. या महोत्सवाच्या वर्षीं एकेका घरानें एकेका वस्तूची हकीगत विचारून लिहून ठेवावी, इतकेंच आमचें मागणें आहे. क्रूस शिल्लक राहून तो कोणाचा हें विसरलें जावें, अशी पाळी आपल्या मुलांवर न येवो.