अनुसंधानाची मराठी रीत: ओवी, कीर्तन आणि अभंग

योहानाच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात येशू स्वतःला द्राक्षवेल आणि शिष्यांना तिचे फाटे म्हणतो, आणि वेलीत न राहणाऱ्या फाट्याला फळ येत नाही, असे सांगतो. ख्रिस्ती जीवनाची वाढ या ‘राहण्या’वर अवलंबून असेल, तर ते रोजच्या व्यवहारात कसे साधावे, हा प्रश्न प्रत्येक भाषेतल्या ख्रिस्ती समाजापुढे उभा राहिला. मराठीत त्या अवस्थेसाठी ‘अनुसंधान’, म्हणजे हातातले काम चालू असताना चित्त देवाकडे लागलेले असणे, हा शब्द भक्तिपरंपरेने आधीच घडवलेला होता. शब्दाबरोबर ती अवस्था टिकवण्याची साधनेही तयार होती, आणि मराठी ख्रिस्ती उपासनेचा इतिहास हा बराचसा ती साधने आपलीशी करण्याचा इतिहास आहे.

त्याचा पहिला मोठा पुरावा गोव्यात सापडतो. येशूसंघाचे इंग्रज धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि तेथील साष्टी भागात अनेक वर्षे राहिले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे बंद झाली होती, पण पुराण ऐकण्याची भूक मात्र उरली होती; स्टीफन्स यांच्या ग्रंथाच्या आरंभीच एक श्रोता आमच्यासाठीही असे काही असावे, अशी मागणी करतो, आणि तिला उत्तर म्हणून सुमारे ११,००० ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ उभे राहते. ते १६१६ मध्ये छापले गेले. त्याच्या पहिल्या भागात जुन्या करारातील कथा आणि दुसऱ्या भागात ख्रिस्ताचे चरित्र आहे. ओवी हा जात्यावरचा आणि पोथीचा, म्हणजे कंठात राहणारा छंद असल्याने हे पुराण वाचण्यापेक्षा गाण्याऐकण्यातून लोकांपर्यंत पोहोचले. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध आदेश काढल्यानंतरही हस्तलिखितांमधून ते टिकले, यातच त्याचे मोठेपण दिसते.

एकोणिसाव्या शतकात मात्र ही वाट काही काळ हरवल्यासारखी झाली. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत पोहोचले, १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणे केले आणि शाळा, छापखाना व शास्त्राचे शिक्षण उत्तम उभे केले. पण सुरुवातीची बरीचशी गीते पाश्चात्त्य चालींवर बसवलेली होती, आणि परक्या चालीवरची प्रार्थना उपासनामंदिरातून शेतापर्यंत सोबत येत नाही. ही उणीव ओळखणाऱ्यांत कृष्णराव सांगळे यांचे नाव आदराने घ्यावे लागते. त्यांनी कीर्तनाचा, म्हणजे पूर्वरंगात तत्त्व मांडून उत्तररंगात आख्यानाने ते मनात उतरवण्याचा प्रकार ख्रिस्तकथेसाठी वापरला.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी रोजच्या व्यवहारात ‘राहण्या’च्या या प्रश्नाला निराळे उत्तर दिले. १९०५ च्या आरंभी त्यांनी रोज प्रार्थनेला बसण्याचे आवाहन केले, तेव्हा सुमारे ७० स्त्रिया पुढे आल्या. काही महिन्यांत ती संख्या ५०० च्या वर गेली आणि त्यातून मोठी आध्यात्मिक जागृती झाली. त्या स्त्रियांपैकी अनेक जणी दुष्काळात निराधार झालेल्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे त्या जागृतीचा खरा अर्थ कळतो. साध्यासुध्या बाईलाही शास्त्र समजावे, या तळमळीने रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, आणि ते काम १९२२ मधील त्यांच्या मृत्यूपर्यंत चालले.

या परंपरेचा कळस म्हणजे नारायण वामन टिळक. कोकणात १८६१ मध्ये जन्मलेल्या आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंगकार संत तुकोबांचे ऋण कधी लपवले नाही. उलट तुकोबांच्याच पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते मोकळेपणाने सांगत असत. म्हणूनच त्यांच्या ‘अभंगांजली’ या काव्यसंग्रहात ख्रिस्त हा सिद्धांतातला तारणारा राहत नाही, तर जवळचा, रुसण्याबोलण्याचा सखा आणि माउली होतो. भक्त-देवाचे हे नाते केवळ रविवारपुरते राहू शकत नाही, आणि टिळकांचे थोरपण येथेच आहे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या ख्रिस्तभक्तांनी तेथे एकत्र यावे, अशी त्यांची कल्पना होती. ती पुरती रुजण्याआधीच, १९१९ मध्ये, ते वारले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ काव्य पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील टिळकांची गीते मराठी मंडळ्या आजही उपासनेत गातात.